गाळलेल्या वाक्याचं शुद्धिपत्र

तुम्ही राहता ती इमारत उभी राहण्याआधी त्या जागेवरून पावसाचं पाणी कुठल्या बाजूनं जायचं, सांगता येईल तुम्हाला? फोन न काढता, नकाशा न बघता?

मला येत नाही. मी कांदिवलीत जन्मले, कांदिवलीत वाढले, आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांची आडनावं मला पाठ आहेत. पण आमच्या गच्चीवरचं पाणी खाली उतरून कुठे जातं, असं विचारलंत तर मी गटाराच्या झाकणाकडे बोट दाखवीन. झाकणाखाली काय आहे हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही. हाच प्रश्न मी एकदा एका पत्रकात ठळक अक्षरांत छापला होता, दुसऱ्यांना लाजवण्यासाठी. तेव्हा उत्तर ज्या बाईला माहीत होतं तिनं ते मला आधीच सांगितलं होतं, आणि मी तिचं वाक्य खोडत होते.

या आठवड्यात बाजारात शेवळं आली. ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगते. जमीन भिजली की जंगलात पालापाचोळा फोडून मिटलेल्या छत्रीसारखे तांबूस-जांभळे कोंब वर येतात, तीच ही भाजी. दोन-तीन आठवडे मिळते, मग वर्षभर नाही. शेवळांबरोबर काकडं नावाची हिरवी, छोटी, आंबट फळं घ्यावीच लागतात. त्यांचा आंबटपणा नसेल तर कितीही शिजवा, शेवळ घशाला खाजतं. पाणी प्यायलं तरी जात नाही अशी आतली खाज.

सोमीबाय गोरेगाव स्टेशनाबाहेर पूर्वेला गोणपाट टाकून बसते. मी दोन फेऱ्या मारल्या, मग धीर करून समोर उभी राहिले. तिनं मान वर न करता एक जुडी माझ्या पिशवीत टाकली.

"आणि काकडं?" मी विचारलं.

"नाय देत तुला. खाजू दे."

शेजारची टाकळा विकणारी बाई खो खो हसली. मीही हसले. घरी आईनं चिंच घालून भाजी केली, बरी झाली, सगळ्यांनी खाल्ली. माझा घसा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत खाजत राहिला आणि मला ते योग्य वाटलं.

आमच्या घरात मी अक्षरं शिकण्याआधी कागदाला घडी घालायला शिकले. आजोबा कोकणातून गिरणीत आलेले, बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. रविवारी सकाळी जमिनीवर चादर अंथरायची, मधोमध पत्रकांचा गठ्ठा, आणि आम्ही सगळे भोवती बसून दुमडत राहायचो. एक घडी, दुसरी घडी, नखानं दाब. शाईचा वास बोटांना दुपारच्या जेवणापर्यंत राहायचा आणि आमटीलाही लागायचा. संपाची पत्रकं, महागाईची पत्रकं, बाबाबुवांच्या भोंदूगिरीविरुद्धची पत्रकं. मी वाचायला शिकले ती "बंधू-भगिनींनो" या शब्दावर.

बाबांचे दोन नियम होते. पहिला, विशेषणं खोडा, मागणी ठेवा. दुसरा मला लहानपणी कळायचा नाही. छापून गेलेली चूक सापडली तर शुद्धिपत्र काढायचं, आणि ते बारीक अक्षरात कोपऱ्यात नाही, चूक जेवढ्या अक्षरात छापली तेवढ्याच अक्षरात. पहिला नियम मी फार मन लावून पाळला. दुसरा पाळायला मला हा पावसाळा उजाडला.

गोरेगावच्या पूर्वेला, रस्ता संपून जंगल सुरू होतं तिथे, वारली लोकांचा एक पाडा आहे. तीसेक घरं, डोंगराच्या उताराला धरून. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. आमचा सात-आठ जणांचा गट होता, सगळे कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले, सगळ्यांना जग बदलायचं होतं, आणि आमच्यापैकी कुणाचंही घर कधी उतारावर नव्हतं. पाड्यात वीज यावी, नळ यावा, मुलांच्या शाळा सुटू नयेत म्हणून आम्ही तिथे जायला लागलो. ते चूक नव्हतं, अजूनही वाटत नाही.

पहिल्या दिवशी सोमीबायला मी म्हटलं, "मावशी, तुम्ही इथे किती वर्षं राहता?"

तिनं मागे वळून बघितलं. "तुम्ही? आणखी कोण उभं हाय का माझ्या मागं?"

तिच्या बोलीत वडीलधाऱ्यांनाही तू म्हणतात. त्या दिवसापासून मी तिला तू म्हणू लागले आणि ती मला कागदवाली. "आली गं कागदवाली," असं ती लांबूनच ओरडायची. पन्नाशीची असेल. नवरा नाही, मुलगा-सून गोरेगावातच कामाला, नात जयू सातवीत. कुडाचं घर, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेलं. आढ्याला सुकलेले भोपळे टांगलेले, आणि प्रत्येक भोपळ्यात राखेत ठेवलेलं बी. वाल, नागली, काकडी, दोडका. "हा भोपळा माझ्या सासूच्या सासूचा," ती एकदा म्हणाली. मला वाटलं, भोपळा. तिला म्हणायचं होतं, बी.

तिच्या घराला लागून एक मोकळी पट्टी होती. आठ-दहा पावलं रुंद, वरच्या बांबूच्या बेटापासून खालच्या ओहोळापर्यंत सरळ उतरत गेलेली. घरं इतकी दाटीवाटीनं, पण त्या पट्टीवर साधी चूल नाही, कोंबड्यांचं खुराडं नाही, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा नाही. शहरातून येणारे लोक घरांच्या भिंतींवरच्या चित्रांचे फोटो काढायचे. मीही काढले. फोटो नीट यावा म्हणून जिथे मागे सरकून उभी राहायचे, ती हीच पट्टी. पायाखाली मी पाहिलं नाही.

मोठा पाऊस लागायच्या आधी पाड्यातले सगळे मिळून ती पट्टी झाडायचे. वरून गडगडत आलेले दगड उचलून बांबूच्या बेटाखाली रचायचे, मेलेली झुडपं काढायची, पालापाचोळा उपसायचा. याला ते 'वाट झाडणं' म्हणतात. वाट झाडून झाल्याशिवाय पाड्यात कुणी नवी भाजी तोंडात घालत नाही. शेवळं डोळ्यांसमोर उगवलेली असली, पोरं हट्ट करत असली, तरी नाही. मी पहिल्या वर्षी गेले तेव्हा तेच चाललं होतं. बायका घामाघूम होऊन दगड वाहत होत्या आणि एकमेकींची थट्टा करत होत्या. कुणीतरी माझ्याही हातात घमेलं दिलं. मी दोन खेपा केल्या आणि मग वही काढली, कारण मला वाटलं माझं खरं काम वहीत आहे.

"ही जागा मोकळी का ठेवलीय?" मी विचारलं.

सोमीबाय कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं जे सांगितलं ते मी शब्दशः उतरवून घेतलं. ती वही माझ्याकडे आहे. "तिथं बांधायचं नाय. तिथून देव चालतो. कधी सात वर्सांनी येल, कधी बारा वर्सांनी येल. पण आला की त्याला मोकळी वाट लागते."

माझ्या पेनाची अक्षरं तिथे सरळ आहेत. कुठे हात थांबलेला दिसत नाही. म्हणजे लिहिताना मला काहीही वाटलं नव्हतं.

पत्रक आम्ही निखिलच्या घरी लिहिलं. निखिल आमच्यातला सगळ्यात हुशार, कांदिवलीचाच, माझा शाळेपासूनचा मित्र. मी मसुदा वाचून दाखवत होते. सोमीबायचं वाक्य आलं आणि तो गादीवर उठून बसला.

"हे टाकणारेस? वेडी आहेस का गं? वाट लागेल आपली. म्हणतील, हे बघा, शिकलेली पोरं देव चालतो म्हणून पत्रकं काढतायत."

"तिचं म्हणणं आहे ते."

"अगं पण आपलं आहे का? तुझे बाबा काय म्हणतील यार?"

आता तुम्हाला वाटेल, निखिलनं ते वाक्य गाळायला लावलं. नाही. माझ्या बोटांत लाल पेन होतंच. मी फक्त कुणीतरी म्हणायची वाट पाहत होते. सोमीबायच्या तीन ओळींवर मी तिरकी रेघ मारली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत माझं वाक्य लिहिलं. ते मला तेव्हा फार आवडलं होतं. त्यात एकही विशेषण नव्हतं. "या पाड्यात पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कोणतीही व्यवस्था नाही."

हे वाचून राज्यकर्त्यांना लाज वाटेल असा माझा हिशेब होता. पाड्याचं नाव वर मोठ्या अक्षरात.

पुढच्या महिन्यात आम्ही अभ्यासिका बांधायचं ठरवलं. पोरांना घरात उजेड नाही, बसायला जागा नाही, हे खरंच होतं. जागा शोधू लागलो तर सपाट, मोकळी, मध्यावर असलेली एकच, ती पट्टी. पाड्याची बैठक झाली. तरुण मुलं आमच्या बाजूनं होती, म्हातारी माणसं जमिनीकडे बघत गप्प. मी उभी राहिले. मला बोलता येतं, लहानपणापासून येतं. मी म्हटलं, "देव वर्षातून एकदाही येत नाही आणि त्याच्यासाठी एवढी जागा राखून ठेवायची? आणि आपली पोरं, जी रोज इथे आहेत, त्यांनी उंबऱ्यावर बसून दिव्याच्या धुरात अभ्यास करायचा? सांगा, कुणाला जागा द्यायची?"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो, अभिमानाचा नव्हे.

सोमीबाय उठली. पदर खोचला. "बरं," ती म्हणाली. "तुझा एक कागद देवाला पण दे मग. त्याला वाचता येतं का बघ."

सगळे हसले. मीसुद्धा. मला वाटलं तिनं विनोद केला आणि विषय संपला.

दगडाचा चौथरा घातला, कमरेएवढा उंच, मजबूत. वर पत्र्याची खोली, निळा रंग, आत लांब बाकडी. पाड्यात त्याहून पक्कं काही नव्हतं. पुढच्या वर्षी पावसाआधी पट्टी झाडली गेली नाही, कारण झाडायला पट्टीच उरली नव्हती. शेवळं आली तेव्हा कुणी थांबलं नाही. ज्याला मिळाली त्यानं खाल्ली. जयूनं मला डब्यातून आणून दिली. काकडं घालून, मऊ शिजवलेली, खोबऱ्याचं वाटण लावलेली. मी बोटं चाटून खाल्ली आणि म्हटलं, बघ, काही झालं का?

झालं ते श्रावणात, भर दुपारी.

सकाळपासून धो धो पडत होतं. अभ्यासिकेत अकरा मुलं होती आणि मी त्यांना अर्ज कसा लिहायचा ते शिकवत होते. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं. मग जेवणवेळेनंतर जोर ओसरला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात दारात सोमीबाय. डोक्यावर इरलं नाही, काही नाही, नखशिखांत भिजलेली.

"उठा सगळी. पाट्या-वह्या राहू देत. वर चला."

"अगं, कमी झालाय आता पाऊस," मी म्हटलं.

"पाऊस सोड. ओहोळ ऐक."

मी कान दिला. "काहीच ऐकू येत नाहीये."

"म्हणून तं सांगते!" ती खेकसली. "सकाळपासून वरडत व्हता. आता गप का झाला?"

मला समजलं नाही. मी खरंच म्हटलं, "पाच मिनिटं, हा एक अर्ज पुरा होऊ दे." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. जयूच्या दंडाला धरून तिला बाहेर काढलं. बाकीची मुलं आपोआप मागे गेली, कारण ती मुलं तिथली होती. जाताना मी पाहिलं, आमच्या निळ्या भिंतीवर चिंबोऱ्या चढत होत्या. ओहोळाच्या काठचे लहान लहान खेकडे, पंधरा-वीस असतील, चौथऱ्यावरून वर, पत्र्याच्या कडेपर्यंत. एका मुलानं त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि सोमीबाय म्हणाली, "त्यांना कळलं, बाईला नाय कळलं."

आम्ही पाड्याच्या डाव्या अंगाला कातळावर जाऊन उभे राहिलो. घरांतली माणसंही येत होती, कुणी बोलावण्याची वाट न बघता, म्हातारी आधी. वर कुठेतरी ओहोळात झाडं-माती अडकून बांध झाला होता, म्हणून आवाज थांबला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एक घरघर ऐकू आली, आणि बांबूच्या बेटामागून तांबडं पाणी उतरलं. ते सरळ पट्टीवर आलं. इकडे तिकडे न बघता, ओळखीच्या रस्त्यानं आल्यासारखं. आणि आमच्या चौथऱ्याला आपटलं.

चौथरा हलला नाही. मी सांगितलं ना, मजबूत होता. खोलीचे पत्रे गेले, बाकडी गेली, पण दगड तसेच राहिले, आणि पाणी बाजूला वळलं. बाजूला सोमीबायचं घर होतं.

मागची भिंत आधी आत झुकली, मग दिसेनाशी झाली. आढं एका अंगाला बसलं. त्या पाण्यात मी सुकलेले भोपळे तरंगत जाताना पाहिले, एकामागून एक, हलके. कुणाचा जीव गेला नाही. हे वाक्य मी लवकर लिहिते आहे कारण तुम्ही त्याची वाट पाहत असाल. माझ्या वर्गातली अकरा मुलं त्या बाईनं वाचवली जिच्या तीन ओळी मी खोडल्या होत्या.

ती कातळावर उकिडवी बसून होती. रडत नव्हती. मी शेजारी बसले.

"देव आला व्हता," ती म्हणाली. "वाट सापडली नाय त्याला."

मग मी तो प्रश्न विचारला जो मी एक वर्ष आधी विचारायला हवा होता. "सोमीबाय, तू देव म्हणायचीस ते म्हणजे हे पाणी?"

"पाणी म्हण."

"मग तेव्हाच पाणी म्हणाली असतीस तर..."

"तर तू काय केलं असतंस? गटार मागितलं असतंस." तिनं पायावरची माती निपटली. "नुसतं पाणी म्हटलं असतं तर आमच्याच लोकांनी केव्हाच भिंत घातली असती तिथं. पाण्याला कोण भितं गं? चार वर्सं आलं नाय की माणूस विसरतो. देवाला नाय विसरत."

लहानपणापासून मी जे वाचलं त्यात याला उत्तर नव्हतं. भोंदू बुवांविरुद्धची पत्रकं मी वाटली आहेत, पुन्हा वाटीन. ती लढाई खरी आहे. पण त्या लढाईत शिकलेली लाल रेघ मी जिथे तिथे मारत सुटले. माझ्या कानांना 'देव' एवढंच ऐकू आलं, आणि पुढचं ऐकायची गरज राहिली नाही. सात वर्षं की बारा वर्षं हा हिशेब त्यात होता, वाट किती रुंद हवी तो होता, दरवर्षी दगड कुणी उचलायचे तोही होता. ज्ञान सांगताना माणसानं माझ्या भाषेत सांगावं, नाहीतर ते ज्ञान नव्हे, असं मी मनात धरून बसले होते. बिल्डर लोक ओढे बुजवतात म्हणून मी सभांत मुठी आवळल्या आहेत. त्यांनी नफ्यासाठी बुजवले. मी तत्त्वासाठी बुजवला. पाण्याला फरक कळला नाही.

लाज इथेच संपली असती तर बरं होतं.

पाऊस संपल्यावर एका सरकारी कार्यालयातून पाहणीला माणसं आली. त्यांनी पडलेलं घर पाहिलं, गाळ पाहिला, फोटो काढले. दोन महिन्यांनी पाड्यावर नोटीस आली. ही वस्ती धोकादायक आहे, रहिवाशांना दुसरीकडे इमारतीत हलवण्यात येईल. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे स्पष्ट नव्हतं. कुणी देवनारकडे म्हणायचं, कुणी आणखी लांब. आठव्या मजल्यावर भोपळा कुठे टांगायचा आणि कुठे लावायचा, हे कुणी विचारलं नाही.

नोटिशीला कागदपत्रं जोडली होती. त्यातला तिसरा कागद मी ओळखला. घडीवरून ओळखला, एक घडी, दुसरी घडी, नखाचा दाब. आमचंच पत्रक. आणि त्यात एका वाक्याखाली निळ्या शाईची रेघ. "या पाड्यात पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कोणतीही व्यवस्था नाही."

मी त्या कार्यालयात गेले. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तर लिहिलंय. इतक्या वर्षांत कुणी लेखी दिलं नव्हतं. आम्हाला मदतच झाली तुमची."

मी सोमीबायला ते पत्रक वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी सांगितलं व्हतं, ते कुठं हाय यात?"

मी म्हटलं, "गाळलं."

"का?"

ती रागावून विचारत नव्हती. तिला खरंच कारण हवं होतं. मी पत्रकाची घडी घातली. ते कारण मी तिला अजून दिलेलं नाही. म्हणून तिनं काकडं दिली नाहीत.

घरी येऊन मी बाबांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, सोमीबायच्या ओळी वाचल्या, मग पत्रक वाचलं, मग पुन्हा ओळी. "मीही खोडल्या असत्या," ते म्हणाले. वही मिटली. मग म्हणाले, "शुद्धिपत्र कुठाय?"

हे ते शुद्धिपत्र. छापून गेलं होतं, "निचऱ्याची कोणतीही व्यवस्था नाही." त्याऐवजी वाचावं, या पाड्यात पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था होती. ती पाड्याइतकी जुनी होती, दरवर्षी हातांनी झाडली जात होती, आणि ती आम्ही बंद केली. पाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत त्या पट्टीचं पाणी कधी कुणाच्या घरात शिरलं नव्हतं. शिरलं ते आमच्या चौथऱ्यामुळे. हेच मी लेखी दिलं आहे, माझ्या सहीनं. सोमीबायच्या तीन ओळी तिच्याच शब्दांत, तिच्या अंगठ्यासह जोडल्या आहेत. साहेबांनी "देव चालतो" वाचून भुवया उंचावल्या आणि विचारलं, "हे असंच ठेवायचं?" मी म्हटलं, असंच ठेवायचं. सुनावणी पावसानंतर आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. आमच्या पत्रकातलं वाक्य छोटं आणि स्पष्ट आहे, आणि शुद्धिपत्रं कुणी वाचत नाही, हे छापखान्यात वाढलेल्या मुलीला सांगायला नको.

सोमीबायनं घर पुन्हा उभं केलं, तिथेच. कुणाकुणाकडून मूठ मूठ बी आणलं. वालाचं मिळालं, काकडीचं मिळालं. सासूच्या सासूचं नागलीचं बी मात्र पाड्यात आणखी कुणाकडे नव्हतं.

या वर्षी मे महिन्यात आम्ही चौथरा फोडला. निखिल आला होता. पहारीचे फटके मारून मारून त्याच्या तळहाताला फोड आले, तेव्हा सोमीबाय त्याला म्हणाली, "बांधताना आले व्हते का रे?" तो म्हणाला, "नाही." "मग हे मोज." आम्ही दगड वाहिले, बांबूच्या बेटाखाली रचले. चौथऱ्याचा डोंगराकडचा एक कोपरा सिमेंटात असा घट्ट बसलाय की अजून निघालेला नाही. पाणी त्याच्या कडेनं निघून जाईल असं सगळे म्हणतात. सोमीबाय म्हणत नाही. ती नुसती बघते.

काल दुपारी मी तिथे होते. पाऊस होता. ओहोळ वाजत होता आणि मी ऐकत बसले होते. आता मला एवढंच येतं, तो वाजतोय की नाही ते ऐकायला. पट्टीवरून बोटभर पाणी उतरत होतं, कोपऱ्याशी किंचित अडखळत, पुढे सरळ. जयू शेजारी बसून अभ्यास करत होती, उंबऱ्यावर.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, जिथे कुठे राहत असाल तिथे, या पावसात एक दिवस बाहेर पडा आणि तुमच्या भागातलं सगळ्यात जुनं माणूस शोधा. पाड्यातलं असेल, कोळीवाड्यातलं असेल, तुमच्या इमारतीच्या मागच्या चाळीतली भाजी निवडत बसलेली बाई असेल. तिच्याशेजारी बसा आणि विचारा, इथून पाणी कुठून जायचं? कुठली जागा तुम्ही मोकळी ठेवायचात आणि का? ती सांगेल ते त्याच दिवशी लिहून काढा, तिला वाचून दाखवा, आणि ती कॉपी तुमच्या सोसायटीच्या फलकावर लावा. तिचा एकही शब्द सुधारू नका. आणि ती देव म्हणाली, तर देवच लिहा.